सोबत कोण आहे?

मिरजेत माझं मेडिकल आहे. कुठल्या दवाखान्यासमोर ते सांगत नाही. तसंही मिरजेत नुसतं ‘दवाखान्यासमोर’ म्हटल्यावर दुकान कुणाला सापडणार नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना उभा केला, तेव्हापासून हे गाव आजाऱ्यांचं झालं. कर्नाटकातून, कोकणातून, पंढरपूर-सोलापूरकडून लोक गाडीत बसतात आणि मिरजेला उतरतात. काही बरे होऊन परत जातात. काहींचे पैसे संपतात, काहींचं माणूस संपतं, आणि ते इथंच राहतात. स्टेशनवर, दर्ग्याच्या आसपास, दवाखान्याच्या कंपाउंडला टेकून.

चिठ्ठ्या वाचणं हा माझा धंदा. त्यातल्या एका चिठ्ठीबद्दल सांगतो, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल.

माणूस पन्नाशीचा असावा. पूर्वी एका ढाब्यावर भांडी घासायचा, रात्री तिथंच झोपायचा. ढाबा बंद पडला तसं काम आणि छप्पर एकाच दिवशी गेलं. पायाला जखम होती, साखर वाढलेली. काउंटरवर चिठ्ठी ठेवून म्हणाला, “मालक, ह्यातलं फुकट काय काय हाय?” चिठ्ठीत साखरेची गोळी होती, जेवणाआधी. अँटिबायोटिक होतं, जेवणानंतर. ड्रेसिंग एक दिवसाआड. पाय उंचावर ठेवणे, ओला होऊ न देणे. सात दिवसांनी दाखवणे. चुकीचं त्यात काहीच नव्हतं. मी नेहमीप्रमाणे पाकिटावर पेनानं खुणा करून समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवणाआधी म्हंजे कवा?”

“जेवायला बसायच्या अर्धा तास आधी.”

“ते कळलं ओ. पर जेवन कवा गावणार ते मला आदी कसं कळायचं?”

बावीस वर्षं मी पाकिटांवर ‘जेवणाआधी’ लिहितोय. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

गोळीला घर लागतं

साखरेच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइड त्यातलीच, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आलंय की नाही, हे ती गोळी बघत नाही. अन्न आलं नाही तर रक्तातली साखर सत्तरच्या खाली घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, माणूस झोकांड्या खात चालतो, कधी चिडतो, शेवटी पडतो. घरातला माणूस असा पडला की बायको साखर-पाणी करून पाजते. तीन-चार चमचे साखर पुरते, दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. प्लॅटफॉर्मवरचा माणूस असा पडला तर बघणारे म्हणतात, सकाळीच ढोसून आलंय. खरंच थोडी घेतलेली असेल तर मग विचारायलाच नको. वास आला की निदान झालं. डोक्याला मार लागलेला असो, साखर उतरलेली असो किंवा मेंदूत ताप गेलेला असो, सगळं त्या वासाखाली झाकलं जातं. चांगले डॉक्टर म्हणून आधी बोटाला सुई टोचून साखर बघतात. एक मिनिटाचं काम आहे.

अशी बरीच औषधं आहेत जी मुकाट्यानं घर गृहीत धरतात. ब्लडप्रेशरसाठी लघवी जास्त होणारी गोळी देतात. जिला रात्री सुरक्षित संडास नाही, अशी बाई ती गोळी घेत नाही, आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘औषधं नियमित घेत नाही’. न उघडलेल्या इन्सुलिनच्या बाटलीला दोन ते आठ अंश तापमान लागतं. वापरात घेतलेली बाटली सावलीत महिनाभर टिकते, पण एप्रिलमधल्या मिरजेत पिशवीतली सावली कसली. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी गाढ झोप लागते. उघड्यावर गाढ झोपलेल्याची पिशवी जाते, बाईच्या बाबतीत त्याहून वाईट होतं. त्यामुळे ती गोळी न घेणं हा वेडेपणा नसून पुष्कळदा शहाणपणा असतो. खरजेचं मलम अंगभर लावायचं, पण सोबत अंथरूण-पांघरूण आणि कपडे गरम पाण्यात धुवायचे असतात. ज्याच्याकडे अंगावरचाच जोड आहे त्यानं तो वाळेपर्यंत काय नेसायचं?

आणि पायाची जखम. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, खडा रुतला तरी कळत नाही. अनवाणी चालणं, पावसाळ्यात ओला पाय, त्यात माश्या. माशी उघड्या जखमेत अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात. वॉर्डात टर्पेंटाइनचे थेंब सोडून चिमट्यानं एकेक अळी काढतात. हे काम करणाऱ्या सिस्टर आणि मामा लोकांबद्दल मला आदर आहे, कारण तो वास मी एकदा घेतलाय आणि त्या दिवशी जेवलो नाही. पण चार दिवसांनी तोच पाय पुन्हा त्याच प्लॅटफॉर्मवर जाणार असेल तर त्यांचे श्रम पाण्यात. पुढच्या खेपेला बोट काढावं लागतं, त्याच्या पुढच्या खेपेला पाय.

सांगलीकरांना हे समजायला फार कल्पना लढवावी लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची खूण ४५ ला आहे. त्या आठवड्यात गावभागातली, मारुती चौकातली चांगली खातीपिती माणसं शाळांच्या वर्गात आणि मंगल कार्यालयांत सतरंजीवर झोपली. फायली पाण्यात, चष्मे पाण्यात, गोळ्यांची नावं आठवेनात. मिरजेकडे आलेले कितीजण माझ्या काउंटरवर म्हणाले, “पांढरी, छोटी, मधे रेघ असलेली.” कुणाचं प्रेशर वाढलेलं, कुणाची साखर. तेव्हा छावणीत डॉक्टर आले, औषधं आली, पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गोळ्या वाटल्या. आठ-पंधरा दिवसांच्या बेघरपणात धडधाकट संसारी माणसांची ही गत होते. वर्षानुवर्षं तसं राहणाऱ्याचं काय होत असेल, याचा हिशेब एका देशानं मांडलाय. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ साली मरण पावलेल्या बेघर पुरुषांचं मृत्यूसमयीचं सरासरी वय होतं सुमारे ४५, बायकांचं ४३.

मोजायचं कुणाला

झोपडपट्टीत राहणारा बेघर नव्हे. त्याचं घर कच्चं असेल, बेकायदा असेल, पण दार आहे आणि दाराला नंबर असण्याची शक्यता आहे. जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपात, देवळाच्या मंडपात, रेल्वे फलाटावर राहणारे. त्यांची मोजणी एका ठरावीक रात्री करतात. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशात १७ लाख ७३ हजार माणसं सापडली, त्यातली २ लाखांवर महाराष्ट्रात. आता रात्री मोजायचं म्हटल्यावर, ढाब्याच्या भटारखान्यात झोपलेला माझा हा माणूस त्या रात्री बेघर ठरला नसता. ढाबा चालू होता तोवर तो कामगार होता.

कागद

आपल्याकडच्या आरोग्य योजना कागदावर वाईट नाहीत. खरं तर बऱ्यापैकी उदार आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात खर्च न करता उपचार होतात. त्यासाठी रेशनकार्ड, ते नसेल तर अधिवासाचा दाखला, आणि फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. अनाथाश्रम, महिलाश्रम, वृद्धाश्रम यांतल्या लोकांसाठी रेशनकार्डाशिवाय सोय केलेली आहे. म्हणजे आश्रमात असाल तरी चालेल, फलाटावर असाल तर अडचण.

धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, शिवाय बिलांतली २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची. निर्धन आहोत हे दाखवायला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड. उत्पन्न नाही हे सिद्ध करायला उत्पन्नाचा दाखला, आणि तो दाखला काढायला राहण्याचा पुरावा! एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच योजनेनुसार तातडीचा रुग्ण आला तर धर्मादाय रुग्णालयानं त्याला लगेच दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार करायचे असतात. आधी डिपॉझिट भरा, असं म्हणता येत नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. आपली दोन मोठी सरकारी रुग्णालयं, सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात आणि तो निर्णय त्या खात्याचा नव्हता. तिथं गरिबाचे पैसे माफ करून घेता येतात, त्यासाठी समाजसेवा अधीक्षक गाठायचा. हे पद बाहेरच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. कुणाला घेऊन गेलात तर आधी त्यांची खोली विचारा, अर्धं काम तिथंच होतं.

टीबीचंही सांगतो. औषध पूर्ण फुकट, साध्या टीबीला सहा महिने. जोडीला पोषणासाठी सरकार दरमहा पैसे देतं, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. ते बँकेच्या खात्यात येतात. टीबीच्या माणसाला अंडी खायला दिलेले पैसे त्याच्याकडे नसलेल्या खात्यात जमा होणार.

दारातच कुणी परत पाठवलं तर कायदा रुग्णाच्या बाजूनं आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत फिरवलं. कुठं खाट नाही, कुठं यंत्र नाही. शेवटी खासगीत पदरचे पैसे घालून उपचार झाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये निकाल आला, की सरकारी रुग्णालयानं तातडीचे उपचार वेळेवर न देणं हे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे. नुकसानभरपाई मिळाली २५ हजार रुपये.

नातेवाईक

पण कागद एक वेळ जमतात. खरं अडतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. आपल्याकडे केसपेपर काढताना, एक्स-रेला, वॉर्डात, रक्तपेढीत एक प्रश्न हमखास येतो: “सोबत कोण आहे?”

आपले वॉर्ड नातेवाइकांच्या जोरावर चालतात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण ज्यानं आईवडिलांना दाखल केलंय त्याला विचारा. रक्ताचा नमुना लॅबला पोचवणं, रिपोर्ट आणणं, बाहेरून सलाइनचा सेट आणणं, भांडं देणं, कुशीवर वळवणं, सलाइन संपलं की सिस्टरला हाक मारणं. एका सिस्टरकडे रात्री तीस-चाळीस रुग्ण असतील तर ती हे कसं करणार? त्यामुळे ज्याच्याजवळ कुणी नाही त्याचा रिपोर्ट उशिरा येतो, त्याची चादर उशिरा बदलते, ऑपरेशनच्या संमतीची सही कुणाची यावर दिवस जातो. रुग्ण शुद्धीवर असेल तर सही त्याची स्वतःचीच पुरते, हे सांगायलाही कुणीतरी सोबत लागतं. कुणी मुद्दाम वाईट वागतं असं नाही. काही जण वागतातही. पण सगळे देवमाणूस असले तरी ही व्यवस्था एकट्या माणसासाठी आखलेलीच नाही.

मग एके दिवशी नोंद होते, ‘रुग्ण न सांगता निघून गेला’. आम्ही दुकानदार म्हणतो, पळाला. का पळाला, हे बघितलं तर कारणं साधी असतात. पिशवी बाहेर कुणाकडे तरी ठेवलीय. कुत्रं एकटं आहे. वॉर्डात बोलणी खाल्ली. आणि सगळ्यात मोठं कारण, दारूची तलफ. याला नुसती हाव समजू नये. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा तासांपासून दिवसभरात हात कापायला लागतात, घाम येतो. दोन-तीन दिवसांत भास, भ्रम, झटके येऊ शकतात, आणि यात जीवही जातो. यावर औषधं आहेत, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, झटके थांबवणाऱ्या गोळ्या देतात. दाखल करतानाच विचारलं, ‘रोज किती घेता, शेवटची कधी?’ आणि औषध सुरू केलं, तर पळणाऱ्यांतले बरेच जण खाटेवर राहतील. पण दरडावून विचारलं तर उत्तर येतं, ‘मी घेतच न्हाई साहेब.’

रस्त्यावर भरकटलेली माणसं

स्वतःशी बोलत फिरणारा, जटा वाढलेला माणूस दिसला तर काय करायचं, हे मला पुष्कळ जण विचारतात. कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १०० व्या कलमानुसार अशा भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. २४ तासांत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. आणि त्याच कायद्याचं १८ वं कलम म्हणतं, बेघर किंवा निराधार माणसाला सरकारी मानसिक उपचार मोफत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. सगळ्या योजनांत कार्ड नको म्हणणारी ही ओळ मला फार आवडते.

घरी पोचवता येतं, हे करून दाखवलेलं आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन गावाचं नाव आठवेपर्यंत सांभाळतात आणि मग थेट घरापर्यंत नेऊन सोडतात. त्यासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मिरजेसारख्या जंक्शनवर हे जास्त लागू पडतं. इथं ‘वेडा, काहीतरी बडबडतो’ म्हणून सोडून दिलेला माणूस कधी नुसता कन्नड किंवा तेलुगू बोलत असतो.

डिस्चार्ज कुठं?

डिस्चार्ज म्हणजे घरी जा. घर नसेल तर तो शब्दच पोकळ होतो.

शहरी बेघरांसाठी निवारा केंद्रं असतात. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा दंडक होता, एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची सोय. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ ला पाच लाखांवर होती, म्हणजे हिशेबानं पाचशे माणसांची जागा हवी. पण जागा असली तरी निवारा म्हणजे दवाखाना नव्हे. पायाला ताजे टाके असलेला, नळी लावलेला, उठून संडासला जाऊ न शकणारा माणूस तिथं कोण सांभाळणार? दवाखान्याच्या मते तो खाट अडवण्याइतका आजारी नाही, निवाऱ्याच्या मते तो फार आजारी आहे. या दोन्हींच्या मधे प्लॅटफॉर्म आहे.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९८५ पासून या मधल्या माणसांसाठी वेगळ्या खाटा आहेत. तिथं ऑपरेशन नाही, मोठी यंत्रं नाहीत. ड्रेसिंग, वेळेवर गोळी, तीन वेळचं जेवण आणि पाय वर करून पडायला जागा. माझ्या त्या माणसाच्या चिठ्ठीत जे लिहिलं होतं, तेवढंच. सांगलीत किंवा मिरजेत एखाद्या निवाऱ्याशेजारी दहा खाटा आणि एक सिस्टर एवढ्यानं हे सुरू होऊ शकेल, असं माझं दुकानदारी गणित सांगतं. कापलेल्या पायाचा खर्च त्याहून कमी नसतो.

घर दिलं की आजार पळतो, असंही मी म्हणणार नाही. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांतल्या सुमारे दोन हजार मानसिक आजारी बेघरांवर मोठा अभ्यास झाला. काहींना कुठलीही अट न घालता आधी घर दिलं, बाकीच्यांना नेहमीच्या सेवा. घर मिळालेले पुष्कळ जण घरात टिकले, दारू सोडायची अट नसतानाही. पण आजाराची लक्षणं दोन्ही गटांत साधारण सारखीच सुधारली. घरानं औषध टिकतं, वेळ पाळता येते, पत्ता होतो. बाकी उपचार करावेच लागतात.

त्या माणसाच्या गोळ्या आता माझ्या दुकानात बुटाच्या एका खोक्यात असतात. डॉक्टरांना सांगून आम्ही त्याची साखरेची गोळी बदलून घेतली, उपाशीपोटी साखर फारशी न उतरवणारी दिली. पावसाळ्यात पाय पुन्हा चिघळला आणि दाखल करायची वेळ आली, तेव्हा मी बरोबर गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, “सोबत कोण आहे?”

“मी.”

“नातं?”

मला काही सुचेना. म्हटलं, “मेडिकलवाला.”

त्यानं ते लिहिलं, जरा थांबला, खोडलं आणि तिथं लिहिलं, ‘शेजारी’.